प्राचीन समाजाच्या अभ्यासाची शब्दसंपदा

इतिहास हा विषय आमच्या विद्यार्थ्यांना अवघड वाटतो तो सनावळ्यांपेक्षा संज्ञांमुळे. ‘ताम्रपाषाणयुग’, ‘स्तर’, ‘नागरी संस्कृती’ हे शब्द पाठ होतात, पण उमगत नाहीत. पालक व माजी विद्यार्थी यांनाही घरी मुलांशी बोलताना उपयोग व्हावा, म्हणून काही मूलभूत संज्ञा आपल्याच प्रदेशातील उदाहरणांसह येथे मांडीत आहोत.

प्रागैतिहासिक, आद्य ऐतिहासिक, ऐतिहासिक : लेखनकला नव्हती तो प्रागैतिहासिक काळ. लिपी आहे, परंतु तिचे सर्वमान्य वाचन झालेले नाही, अशी सिंधू संस्कृती आद्य ऐतिहासिक काळात मोडते. वाचता येणारे लेख मिळू लागतात तेथून ऐतिहासिक काळ सुरू होतो. इसवी सनपूर्व वर्षे उलटी मोजतात, म्हणून इ.स.पू. १६०० हे इ.स.पू. ७०० च्या आधीचे.

पुराश्म, मध्याश्म, नवाश्म, ताम्रपाषाण : पुराश्मयुगातील माणूस शिकार व अन्नसंकलन करी. मध्याश्मयुगात बोटभर आकाराची सूक्ष्मास्त्रे आली, तर नवाश्मयुगात शेती, पशुपालन व घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारे. दगडासोबत तांबे वापरात आले ते ताम्रपाषाणयुग.

पांढर : खेड्यात शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पडलेल्या मातीच्या भिंती व राख साचून जुन्या वस्तीची माती पांढुरकी होते. म्हणूनच पुरातत्त्वज्ञ ‘पांढरीचे टेकाड’ शोधतात. ही संज्ञा आपल्या शेतकऱ्यांनीच शास्त्राला दिली आहे.

स्तर : टेकाडाचे थर विस्कटलेले नसतील तर खालचा थर जुना व वरचा नवा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील वस्ती थराथराने उलगडली. जुन्या थरांतील चौकोनी घरांच्या जागी शेवटच्या थरांत लहान गोल झोपड्या दिसतात. हवामान कोरडे झाल्याने शेती खालावली असावी, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

संस्कृती आणि नागरी संस्कृती : पुरातत्त्वात ‘संस्कृती’ म्हणजे ठिकठिकाणी एकत्र आढळणारा भांडी, हत्यारे, घरे यांचा समूह. अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे या गावावरून जोर्वे संस्कृतीचे नाव पडले. ‘नागरी संस्कृती’ला मात्र नगरे, श्रमविभागणी, व्यापार व बहुधा लेखन लागते. नगर नसलेल्या माणसांना ‘रानटी’ म्हणणे हा अज्ञानाचा शब्द आहे. इनामगावकरांना लिपी नव्हती, तरी त्यांच्याकडे धान्याचे कोठार होते.

पुरावा आणि आख्यायिका : वसईच्या खाडीपलीकडील सोपारा येथील एका टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले, तेव्हा तो कोट नसून स्तूप असल्याचे सिद्ध झाले. आत दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे, सोन्याची फुले, आठ कांस्यमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. नाणे दुसऱ्या शतकातील, मूर्ती मात्र त्याहून कित्येक शतके नंतरच्या मानल्या जातात. म्हणून एकाच वस्तूवरून काळ ठरवू नये. एकत्र सापडलेल्या वस्तूंतील सर्वांत अलीकडची वस्तूही पाहावी लागते.

शिलालेख : सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. विहारयात्रा सोडून धम्मयात्रा आरंभल्याचे त्या लेखात सांगितले आहे. ब्राह्मी लिपीचे वाचन १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी केले नसते, तर तो दगड मुकाच राहिला असता. आपल्या दक्षिणेस असलेल्या कान्हेरीच्या लेखांत लेण्यांना ‘लेण’ आणि पाण्याच्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. त्यातला पहिला शब्द आपण आजही बोलतो.

ज्या समाजाचा भूतकाळ दीर्घकाळ इतरांनीच सांगितला, त्याच्या मुलांना हे शब्द नेमकेपणाने यायला हवेत. अभिमान आख्यायिकेवर उभा राहिला तर पहिल्याच प्रश्नाला ढासळतो. पुराव्यावर उभा राहिला तर प्रश्नांनी दृढ होतो. सोपारा व कान्हेरी आपल्यापासून फार दूर नाहीत. मुलांना तेथे जरूर न्यावे, आणि ‘हे कशावरून?’ हा प्रश्न त्यांना मोकळेपणाने विचारू द्यावा.