साटा वितळला ती दुपार

फराळाच्या ताटातून माझा हात आधी करंजीकडे जातो, आणि तीही घरची हवी. विकतची करंजी हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते. सारण कमी, पोकळी जास्त. अमेरिकेत घरोघरी ॲपल पाय करतात, त्याची ही सख्खी बहीण म्हणावी. तुपाची पारी, आत गोड सारण, कडेला मुरड. फरक आचेचा: ते भाजतात, आपण तळतो.

सासऱ्यांना तळलेलं बंद झालं आणि दिवाळीत त्यांच्या ताटात करंजी नसावी हे मला सोसवेना. म्हणून २०२५च्या ऑक्टोबरात उलव्यातल्या आमच्या घरी साट्याच्या करंज्या ओव्हनमध्ये भाजायच्या ठरवल्या. सारण ओल्या नारळाचं, गुळाचं. रवा-मैदा दुधात घट्ट भिजवला, तूप फेसून तांदळाच्या पिठीचा साटा केला, तीन-तीन पोळ्यांना तो फासून वळकट्या केल्या. दुपारचे दोन वाजलेले. खाडीकडची दमट हवा, भिंती तापलेल्या. लाट्या कापेपर्यंत तूप ओघळू लागलं, तरी मी लाटत राहिले. वीस मिनिटांत घरभर धूर! मुरडी उकलल्या होत्या, गूळ ट्रेवर वाहून त्याचा कोळसा झाला होता आणि पारी बिस्किटासारखी सलग. एक पदर सुटला असेल तर शपथ.

चूक तुपाची नव्हती, वेळेची होती. मैद्याला पाणी लागलं की त्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं होतं, ग्लुटेन म्हणतात ते. साट्यातलं घट्ट तूप दोन पोळ्यांना वेगळं ठेवतं, आणि तांदळाच्या पिठीत ग्लुटेन नसल्याने ती त्यांना चिकटू देत नाही. आच लागली की पिठातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा ती मागते आणि पदर उचलते. पण गाईचं तूप तिशी ओलांडली की सैल पडतं, आणि आमच्याकडे ऑक्टोबरात पारा सहज तेहतीसपर्यंत जातो. पातळ तूप पिठात जिरलं, पदर एकजीव झाले, तुपकट कडा चिकटल्याच नाहीत. त्यात ओल्या सारणाची वाफ कोंडली. तिने मुरडच उघडली. पायच्या वरच्या पारीला चिरा पाडतात त्या या वाफेसाठीच.

भाजणं आपल्याला परकं मुळीच नाही. सीकेपींचं निनाव आणि पाठारे प्रभूंचं भानोलं खाली शेगडी आणि झाकणावर निखारे ठेवून होत आलं आहे. दोन्हीकडून आच, म्हणजे ओव्हनच की. सीकेपींचे खाजाचे कानवले मात्र तळणीतलेच, आणि पदर सोडवण्यात त्यांचा हात धरणारं मी काही खाल्लेलं नाही.

त्याच रात्री पुन्हा पीठ भिजवलं. वळकट्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या, एकेक लाटी काढून लाटली. सारण सुक्या खोबऱ्याचं, खसखस आणि पिठीसाखर घालून. कडांना दुधाचं बोट, वर सुईने दोन भोकं, आणि ओव्हन २०० अंशांवर पुरता तापल्यावरच ट्रे आत. पावणेबाराला सासऱ्यांनी पहिली करंजी मोडली. पदर त्यांच्या धोतरावर सांडले. ते वेचून त्यांनी तोंडात टाकले आणि दुसरीकडे हात नेला.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने दिवाळी नोव्हेंबरात गेली आहे. तरी वळकट्या मी पहाटेच करणार. फ्रीजचा एक कप्पा आत्तापासून रिकामा ठेवला आहे.