वेल्डिंगची केबल घेताना

आपल्यापैकी बऱ्याच गटांनी आता ग्रील, गेट, शेळ्यांच्या शेडची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. मशीन घेताना आपण चार दुकानं फिरतो, बैठकीत दोनदा चर्चा करतो. केबल मात्र दुकानदार देईल ती उचलतो. आम्हीही तेच केलं होतं. होल्डर सारखा तापायचा, रॉड चिकटायचा. मशीनच बिघडलं असं वाटून आम्ही ॲम्पिअर वाढवत गेलो. एका दुपारी होल्डरपाशीच केबल वितळली आणि आमच्या गटातल्या ताईंचा तळहात भाजला. पंधरा दिवस त्यांना भाकरी थापता आली नाही. केबल सोलून पाहिली तर आत ॲल्युमिनियमच्या तारा, त्यातल्या निम्म्या तुटलेल्या. मशीन ठणठणीत होतं.

असं का झालं ते बघा. घरचा मिक्सर दोन-तीन ॲम्पिअर घेतो. आपल्या १० नंबरच्या रॉडला ९० ते १३० ॲम्पिअर लागतात. मोटार मोठी आणि पाइप बारीक असला की काय होतं, हे विहिरीवर आपण पाहतोच. इथे पाण्याऐवजी वीज अडते आणि तिची उष्णता होते. तारा जिथे तुटलेल्या किंवा नट जिथे ढिला, तिथे सगळी उष्णता एका जागी साठते.

म्हणून केबल तांब्याची घ्या. ॲल्युमिनियम स्वस्त असतं, पण तेवढाच प्रवाह न्यायला ते दीडपटीहून जाड लागतं, आणि वाकवून वाकवून लवकर तुटतं. तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या ताराही बाजारात मिळतात. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. दुसरी युक्ती वजनाची. २५ स्क्वेअर एमएमच्या १० मीटर केबलमध्ये नुसतं तांबंच सव्वादोन किलोच्या आसपास असतं, वरचं रबर वेगळं. तेवढ्याच मापाचं ॲल्युमिनियम पाऊण किलोही भरत नाही. भाजी घेताना काट्याकडे बघतो, तसं इथेही बघा.

१५० ॲम्पिअरपर्यंतच्या कामाला आणि थोड्या अंतराला २५ ची केबल पुरते. २०० ॲम्पिअरचं मशीन पूर्ण ताकदीने चालवायचं असेल तर ३५ ची घ्या. केबल लांब न्यायची असेल तर एक माप वरचं. रबरावर माप आणि आयएस ९८५७ हा क्रमांक, आयएसआय शिक्का आहे का पाहा.

आता दुसरी केबल, अर्थिंगची. कित्येक ठिकाणी होल्डरला चांगली केबल आणि अर्थिंगला सळईचे तुकडे जोडून ठेवलेले दिसतात. मला तर ते पाहिलं की धडकी भरते. होल्डरमधून जितका प्रवाह जातो तितकाच परत यायचा असतो, म्हणून दोन्ही केबल सारख्याच जाडीच्या हव्यात. क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, रंग-गंज खरवडून लावा. ट्रॉलीच्या एका टोकाला क्लॅम्प आणि दुसऱ्या टोकाला वेल्डिंग केलं, तर प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होते.

शॉकबद्दल एक गैरसमज आहे. घरी सुरक्षेचा ब्रेकर बसवला की झालं, असं वाटतं. तो ब्रेकर मशीनमध्ये येणाऱ्या विजेवर लक्ष ठेवतो, आणि तो हवाच. पण मशीनच्या पुढे, होल्डरच्या बाजूला शॉक बसला तर तो पडत नाही. रॉड टेकवलेला नसताना तिथे साठ-सत्तर व्होल्ट असू शकतात. कोरड्या हाताला ते जाणवतीलच असं नाही, घामाने भिजलेल्या अंगाला जिवावर बेततात. म्हणून कोरडे चामडी हातमोजे घाला, रॉड बदलतानासुद्धा. ओल्या जमिनीवर कोरडी फळी टाकून उभं राहा. धातूच्या बांगड्या, लोंबणारं मंगळसूत्र काढून ठेवा. केबल खांद्याला किंवा कमरेला गुंडाळून काम करू नका. तापलेला होल्डर पाण्यात बुडवू नका. पाऊस आला की मशीन बंद.

सकाळी काम सुरू करण्याआधी केबलवरून हात फिरवा, पण प्लग काढून. चीर, फुगवटा, मऊ पडलेली जागा सापडली तर टेप गुंडाळून भागवू नका. तेवढा भाग कापून नवीन लग दाबून बसवून घ्या. काम चालू असताना पूर्ण केबल उलगडलेली ठेवा, वेटोळं तापतं. संध्याकाळी डिझेल-ऑईलपासून लांब, लाकडी खुंटीवर टांगा. पोत्यांजवळ ठेवली तर उंदीर रबर कुरतडतात.

एका ताईंनी विचारलंय, जुनी केबल स्वस्तात मिळतेय, घेऊ का? दोन्ही टोकं कापून दाखवायला सांगा. तारा लालसर, चमकदार आणि मऊ असतील तर विचार करा. काळ्या पडल्या असतील तर भंगाराच्या भावातही घेऊ नका.