दोन ग्रॅम रुपे

प्राचीन नाण्यांचा संग्रह हा संस्थानिकांचा किंवा पेढीवाल्यांचा शौक होय, अशी जी समजूत आपल्या मध्यमवर्गात दृढमूल झालेली आहे, ती गुप्त सम्राटांच्या सुवर्णमुद्रांपुरती खरी मानावी लागेल; कारण वीणा वाजवीत बसलेल्या समुद्रगुप्ताचे एक नाणे घ्यावयाचे मनात आणले, तरी माझ्यासारख्या नोकरदारास राहते घर गहाण टाकण्याचा विचार करणे प्राप्त होईल. परंतु सौंदर्य आणि दुर्मिळता या दोन अगदी निराळ्या गोष्टी असून बाजारात किंमत पडते ती मुख्यतः दुसरीची, हे एकदा ध्यानी आले म्हणजे बेताच्या ऐपतीच्या माणसासही सतराशे वर्षांपूर्वीचा राजा आपल्या तळहातावर घेऊन न्याहाळता येतो. या विधानाचा सर्वांत चोख पुरावा म्हणजे पश्चिम क्षत्रपांचे चांदीचे नाणे, आणि येथे परिचय करून द्यावयाचा तो त्याचाच.

क्षत्रप हा मूळचा इराणी शब्द, आणि त्याचा अर्थ प्रांताधिकारी, म्हणजे पुढील काळाच्या भाषेत सुभेदार. शकवंशातील हे सुभेदार कालांतराने स्वतंत्र राजे झाले, तरी जुनी पदवी मात्र त्यांनी टाकली नाही. राज्य करणारा तो महाक्षत्रप आणि त्याच्या हाताखालचा, बहुधा गादीचा वारस, तो क्षत्रप, अशी वहिवाट त्यांनी पाडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे द्वितीय चंद्रगुप्ताने त्यांचे राज्य बुडवीपर्यंत, सौराष्ट्र, गुजरात आणि माळवा, आणि काही काळ नाशिक-जुन्नरपर्यंतचा आपला मुलूखही, त्यांच्या अमलाखाली होता. या तीन शतकांत त्यांच्या टांकसाळींनी चांदीच्या नाण्याचा घाट आणि वजन यांत फारसा फेरफार केला नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच धर्तीचे नाणे पाडले गेल्यामुळे त्याची संख्या अफाट झाली, आणि अडचणीच्या दिवसांत मडक्यांत घालून पुरलेले त्याचे साठेही पुढे मोठमोठे निघाले. राजस्थानातील सरवाणिया येथे १९११ साली सापडलेल्या एकाच साठ्यात २,३९३ नाणी होती. आज त्याची बरी प्रत दोन-तीन हजार रुपयांच्या आत पदरात पडते, याचे कारण एवढेच. नाणे स्वस्त आहे ते विपुल म्हणून, कुरूप म्हणून नव्हे.

किती कुरूप नव्हे, हे पाहण्यासाठी माझ्याजवळचे विजयसेनाचे नाणे घेऊ. व्यास जेमतेम दीड सेंटिमीटर, वजन दोन ग्रॅमांहून किंचित अधिक. करंगळीच्या नखाहून थोडे मोठे असे हे रुप्याचे चकते भिंगाखाली धरले, की दर्शनी बाजूस उजवीकडे तोंड केलेला एक राजा दिसू लागतो. डोक्यावर चपटी टोपी, तिच्याखालून मानेवर उतरलेले केस, ओठावर मिशी, आणि कारागिराने हौसेने मोठा कोरलेला डोळा. मुखाभोवती जी अक्षरे दिसतात ती ग्रीक म्हणावयाची. वस्तुतः आरंभीच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ग्रीक लिपीत राजाचे नाव खरोखरच वाचता येत असे, परंतु ती लिपी जाणणारे लोक संपले तरी ठसा कोरणारे आधीच्या नाण्याची नक्कल करीत राहिले, आणि हळूहळू अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरल्या. अर्थ गेला आणि नक्षी राहिली.

राजाच्या मस्तकामागे मात्र जे कोरलेले आहे त्याला पुरेपूर अर्थ आहे. तेथे शक संवताचे वर्ष आहे. आजची दशमानाची मांडणी त्या नाण्यांवर नाही. शंभराचे एक चिन्ह, साठाचे दुसरे, एककाचे तिसरे, अशी चिन्हे ओळीने मांडून त्यांची बेरीज करावयाची. माझ्या नाण्यावर शंभर आणि साठ ही दोन चिन्हे स्वच्छ असून तिसरे काठाबाहेर गेलेले आहे, तेव्हा हे नाणे शके १६० ते १६९, म्हणजे इसवी सन २३८ ते २४८ या मुदतीतले, एवढेच सांगता येते. त्या एका चिन्हाच्या अभावी विक्रेत्याने किंमत जवळजवळ निम्म्यावर आणली. राजाच्या चेहऱ्यावर मात्र ओरखडाही नव्हता.

नाणे उलटावे, तो मध्यभागी तीन कमानींचा डोंगर, त्याच्या माथ्यावर चंद्रकोर, पायथ्याशी नदीची नागमोडी रेघ, एका अंगास पुन्हा चंद्र आणि दुसऱ्या अंगास सूर्य. भोवताली ब्राह्मी लिपीतला लेख आहे, त्याचा आशय असा, की राजा महाक्षत्रप दामसेनाचा पुत्र राजा महाक्षत्रप विजयसेन याचे हे नाणे. खरेदीखतात माणसाचे नाव बापाच्या नावाशिवाय पुरे होत नाही, तोच हा रिवाज. आणि त्यात वर्षाची भर पडल्यामुळे, ज्या राजवटीच्या दफ्तरातला एकही कागद उरलेला नाही, तिची वंशावळ अभ्यासकांना मुख्यतः या चकत्यांवरून लावता आली. दामसेनाच्या पुत्रांपैकी यशोदामा, विजयसेन आणि दामजदश्री हे एकामागून एक महाक्षत्रप झाले, म्हणजे गादी बापाकडून मुलाकडे सरळ न जाता भावाभावांतून फिरत गेली, हे आपणांस सांगितले ते नाण्यांनी.

महाराष्ट्राशी या नाण्याचे नाते अधिक जवळचे, आणि काहीसे वैराचे, आहे. दामसेनाच्या घराण्यापूर्वी क्षहरात कुळातील नहपान हा क्षत्रप येथे राज्य करीत होता. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे त्याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारलेला आढळला. शत्रूची चांदी वितळवून नवे नाणे पाडण्याऐवजी जिंकणाऱ्याने त्याच्याच मुखावर आपला डोंगर आणि आपले उज्जयिनी-चिन्ह ठोकले. त्याखालून नहपानाचे नाक किंवा कान कित्येक नाण्यांवर अद्याप डोकावतो. क्षहरातांचा वंश गौतमीपुत्राने निःशेष केला, असे त्याची माता गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यांत कोरवून ठेवले आहे. शिलालेखातील बिरुदे पुष्कळदा अतिशयोक्तीची असतात. येथे मात्र नऊ हजार साक्षीदार हजर आहेत.

त्याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचाही लेख आहे, आणि या नाण्याने काय विकत मिळत असे हे त्यावरून कळते. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेवले, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना त्या व्याजातून प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, अशी तजवीज केली. हिशेब करून पाहावा: वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा तेही २४०. सुवर्ण या सोन्याच्या एका नाण्यास पस्तीस कार्षापण हा भावही तेथेच नमूद आहे. अशी बारा नाणी म्हणजे एका भिक्षूचे वर्षाचे वस्त्र, एवढे मनात धरून त्यातले एक तळहातावर घेतले, की त्या दोन ग्रॅमांचे वजन निराळेच भासू लागते.

आता खरेदीविषयी. ठसा चकत्याहून मोठा असल्यामुळे सर्वांगपूर्ण नाणे क्वचितच मिळते. कोठे मुख पुरे उमटले तर लेख तुटतो, कोठे लेख पुरा आला तर राजाचे नाक काठाबाहेर जाते. ज्याला सर्वच हवे त्याने भरपूर पैसे मोजावेत. बेताच्या खिशाच्या माणसाने आधी आपल्याला काय सोडता येईल ते ठरवावे. मी वर्ष सोडतो, लेखाचा तुकडा सोडतो, चेहरा सोडीत नाही. वर्षाकाठी दहा बरी-वाईट नाणी घेण्यापेक्षा दोन निवडक घ्यावीत, हा धडा मी पदरमोड करून शिकलो. आरंभी एका विक्रेत्याकडून मोठ्या आनंदाने घेतलेले रुद्रसेनाचे एक नाणे घरी येऊन भिंगाखाली धरले, तो पृष्ठभागावर साबणासारखा गुळगुळीतपणा, टाचणीच्या टोकाएवढी बारीक छिद्रे आणि काठावर सर्वत्र फिरलेली सांध्याची पुसट रेघ. ते साच्यात ओतलेले होते. ठशाखाली ठोकलेल्या खऱ्या नाण्याच्या काठाला पुष्कळदा लहानशी चीर असते, कारण घणाच्या आघाताने धातू बाहेर ताणला जातो. ती चीर पाहून नवखा नाक मुरडतो आणि जाणता निर्धास्त होतो. ते खोटे नाणे मी फेकले नाही. नवीन नाणे घेताना दोन्ही शेजारी ठेवून पाहतो. आणखी एक विनंती, की चिंच, लिंबू किंवा रांगोळी घेऊन नाणे घासावयास कोणी बसू नये. शतकांनी चढविलेली काळसर झाक एका दुपारी निघून जाते आणि पुन्हा येत नाही.

कायद्याचीही जाण ठेवावी. जमिनीत सापडलेला साठा १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, की ती परदेशी नेता येत नाहीत. म्हणून खरेदी परवानाधारकाकडून आणि पावती घेऊनच करावी. खरेदीपूर्वी डोळा तयार करावयाचा असेल, तर नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्रास वाहिलेली संशोधनसंस्था आणि तिचे संग्रहालय आहे. तेथे घालविलेला एक दिवस पुष्कळ पैसा वाचवील.

क्षत्रपांच्या नाण्यांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला ते पंडित भगवानलाल इंद्रजी जुनागढचे. मुंबईस येऊन डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात ते संशोधक झाले, आणि १८८८ साली निवर्तताना आपली नाणी त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिली. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून नाणेतज्ज्ञ रॅप्सन यांनी १८९० साली क्षत्रपांवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध केला. नाण्यांबरोबर टिपणे होती म्हणून तो संग्रह ज्ञान ठरला. नसती, तर ते निव्वळ रुपे उरले असते. म्हणून वाचकांस एवढेच सांगणे, की एकच नाणे घ्या, पण त्याच्या पाकिटात एक चिठ्ठी घाला: वजन किती, वर्ष कोणते वाचता आले, कोठून आणि केव्हा घेतले, मूळ कोणत्या गावचे म्हणून सांगितले गेले. या चिठ्ठीस पैसा पडत नाही.