शिवणीची नळी, बिनशिवणीची नळी

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीला नळ्यांची ओळख नवी नाही. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र येथे सुरू झाले आणि लोणावळ्याच्या बाजूचे पाणी मोठमोठ्या नळांतून घाट उतरू लागले. पुढे झेनिथचा पाईप-कारखाना आला, महिंद्रा युजिनचे विशेष पोलाद आले. येथून कळंबोलीच्या लोखंड-बाजाराकडे नित्य ये-जा असणाऱ्या व्यापारी कुटुंबांना ‘पाईप म्हणजे काय’ हे कोणी शिकवावे असे नाही. तथापि त्याच घरातील तरुण मुलाने हौशी मोटारशर्यतीसाठी जुनी गाडी सजवायला घेतली, की दुकानातील रोजची ओळखच कधी कधी घात करते.

शर्यतीच्या गाडीत पहिली मागणी असते ती ‘रोल केज’ची, म्हणजे आतून बसविलेल्या पोलादी पिंजऱ्याची. साध्या गाडीच्या छपराचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. गाडी कोलांट्या खाऊ लागली, की चालकाच्या डोक्याभोवतीची पोकळी टिकवून धरण्याचे काम हा पिंजरा करतो. त्याची नियमावली ‘एफआयए’ या जागतिक संस्थेने तपशीलवार घालून दिली आहे. भारतात मोटारशर्यतींचे नियमन ‘एफएमएससीआय’ हा महासंघ करतो. कोणत्या गटाला कोणता नियम लागू, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहूनच पहिली नळी कापावी.

जागतिक नियमानुसार चालकाच्या पाठीमागील मुख्य कमान ४५ मिमी बाह्य व्यासाच्या व २.५ मिमी जाडीच्या, किंवा ५० मिमी व्यासाच्या व २ मिमी जाडीच्या नळीची हवी. बाकीचे भाग ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमीचे चालतात. पहिली फसगत येथेच होते. पाण्याच्या पाईपचे माप आपल्याकडे आतील नाममात्र व्यासाने बोलले जाते. ‘चाळीसचा’ किंवा ‘दीड इंची’ पाईप बाहेरून भरतो सुमारे ४८.३ मिमी. नियमातले चाळीस आणि दुकानातले चाळीस ही दोन वेगळी चाळीस आहेत.

दुसरी फसगत डोळ्यांना दिसतही नाही. नियम मागतो ती थंड ओढलेली, बिनशिवणीची कार्बन पोलादाची नळी; बाजारात तिला ‘सीडीएस’ म्हणतात. तिची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान ३५० न्यूटन असावी लागते. शेजारच्या घोडीवर ‘सीईडब्ल्यू’ असते. तीही थंडच ओढलेली व तितकीच गुळगुळीत. परंतु मुळात पट्टी वळवून, कड जोडून केलेली. ओढल्यावर तिची शिवण बाहेरून ओळखू येईलच असे नाही. वजनही दगा देते. बाह्य व्यासातून जाडी वजा करून, जाडीने व ०.०२४६६ ने गुणण्याचे गणित पेढीवर सर्वांना पाठ असते. त्यानुसार ४५ × २.५ ची नळी मीटरला सुमारे २.६२ किलो भरते, मग ती शिवणीची असो वा नसो. तराजू गप्प बसतो. बोलतो तो केवळ कारखान्याचा तपासणी दाखला आणि त्यावरील हीट क्रमांक. म्हणून विक्रेत्याने ‘सीमलेसच आहे हो’ असे तोंडी सांगणे आणि दाखला देणे यांत एखाद्याच्या मानेचे अंतर आहे.

गॅल्व्हनाइज्ड पाईप तर दूरच ठेवावा. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो, तो कारागिराच्या छातीला अपायकारक, आणि जोडात पोकळ छिद्रे राहतात.

कारागिराच्या हातालाही जुनी सवय मोडावी लागते. पाईपमध्ये वाळू ठासून, तापवून वाकविण्याची रीत येथे निषिद्ध आहे. नळी थंडच वळवायची आणि वळणाची मध्यरेषेवरील त्रिज्या व्यासाच्या तिपटीहून कमी नसावी. ४५ च्या नळीला १३५ मिमी. मुख्य कमान अखंड एकाच नळीची हवी, मधे जोड नाही. प्रत्येक जोडाला नळीच्या संपूर्ण घेराभोवती वेल्ड हवा. छपराखालचा, हात न पोहोचणारा भाग नेमका येथेच सुटतो. जाणता कारागीर वरचे जोड आधी पुरे करण्याची सोय करून ठेवतो.

आणि पाय. पातळ फरशीवर नुसती नळी टेकवली, तर आघातात ती पत्रा फोडून खाली जाईल. म्हणून मुख्य व पुढच्या कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी लागते, आणि बोल्टने जोडायचे असल्यास ८.८ प्रतीचे किमान तीन एम-८ बोल्ट. शिरस्त्राण जेथे आपटू शकेल तेथे नळीवर ठरावीक प्रतीचे आच्छादनही लागते.

हे झाले की काही तरुणांना तीच गाडी द्रुतगती मार्गावर फिरवून आणण्याचा मोह होतो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत फेरबदल करण्यास मर्यादा घालते, हा एक भाग. दुसरा अधिक निकडीचा. शिरस्त्राण व शर्यतीचे पट्टे नसताना हीच नळी साध्या धक्क्यातही डोक्याला जबर इजा करू शकते. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईच्या किंवा कोइंबतूरच्या करी धावपट्टीवर जायचे, तर खोपोलीहून गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी, आणि दाखल्याची प्रत तपासनिसाच्या हाती देण्यासाठी सोबत ठेवावी.