तक्त्यांतून तक्त्यांत

श्रीपूर म्हटलें कीं साखर आठवते. १९३४ सालीं चंद्रशेखर आगाशे यांनीं स्थापिलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथलाच. जेथें साखर, तेथें उसाच्या वजनांचा हिशेब आलाच.

समजा, एक्सेलच्या एका वहींतील वजनें देयकांच्या दुसऱ्या वहींत न्यावयाचीं आहेत. ‘पायथन’ भाषेंतील ‘ओपनपायएक्सएल’ ही लायब्ररी एकेका चौकटींतील मजकूर वाचून दुसरींत उतरविते. ‘सेव्ह’ केल्यावरच तो कायम होतो.

परंतु चौकटींत कित्येकदां आंकडा नसून सूत्र असतें. ‘बी २ ते बी ११ यांची बेरीज’ हें सूत्र जसेंच्या तसें गेलें, तर तें नव्या तक्त्यांतील परक्या चौकटींची बेरीज करील, आणि इशारा मात्र मिळणार नाहीं. यास्तव मूळ वही ‘डेटा ओन्ली’ या पर्यायानें उघडावी, म्हणजे एक्सेलनें पूर्वीं काढून ठेवलेलें उत्तर हातीं येतें. तशी उघडलेली वही त्याच नांवानें सेव्ह करूं नये. सूत्रें पुसलीं जातात.

ओळीच्या क्रमांकावर न विसंबतां खातेक्रमांकानें जोड लावावी. दोन्हीं बेरजा जुळल्या तरी चारदोन खातीं डोळ्यांनीं तपासावीं. कारण एक ओळ सरकली, कीं एकाच्या घामाचें मोल दुसऱ्याच्या पदरांत पडतें.