डोंगरातलं मीठ

थायलंडला जाऊन आले म्हटलं की मेसमध्ये सगळे डोळे मिचकावतात. मित्रांनो, मी मागच्या दिवाळीत गेले ती आई-बाबांबरोबर, आणि तीही नान प्रांतात! (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

नान उत्तरेला, लाओसच्या सीमेला लागून. बँकॉकहून रात्रभराची बस. शहरात वाट फुमिन हे १५९६ सालचं मंदिर आहे. दोन नाग आख्खं मंदिर पाठीवर घेऊन निघाल्यासारखे दिसतात. आत भिंतीवर एक गोंदवलेला पुरुष बाईच्या कानात कुजबुजतोय, ते चित्र टी-शर्टवरसुद्धा मिळतं. ताई ल्यू बायका वाहत्या पाण्याच्या नक्षीचं कापड विणतात, त्याला ‘लाय नाम लाय’ म्हणतात. आईने दोन घेतली. असो.

मला सांगायचंय ते बो क्लुआबद्दल. नावाचा अर्थच मिठाची विहीर. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि डोंगरात खारं पाणी! जमिनीखाली मिठाचे जुने थर आहेत, झिरपणारं पाणी ते विरघळवतं. आपल्या मिठागरात पाणी उन्हाने आटतं, इथे ते चुलीवर आटवतात. बादलीने शेंदायचं, मोठ्या कढईत कित्येक तास उकळायचं, तळाशी साचलेलं मीठ काढून कढईवरच टांगलेल्या बांबूच्या टोपलीत टाकायचं. निथळलेलं पाणी परत कढईत! मास बॅलन्सच्या पेपरात ‘रिसायकल स्ट्रीम’ म्हणतात ती हीच. मला त्या प्रश्नाला दहापैकी चार मिळाले होते, त्या कढईपुढच्या आजींना दहा मिळाले असते. या मिठात आयोडीन नसतं, ते नंतर मिसळतात.

चूल मात्र लाकडावर चालते, आणि इथे लाकडापेक्षा मोठा प्रश्न जंगलाचा आहे. दोई फू खा राष्ट्रीय उद्यानात रस्ता दाट झाडीतून जातो. बाहेर पडलं की डोंगरामागून डोंगर बोडके. जनावरांच्या खाद्याचा मका लावायला जंगल तोडलंय. मुळं गेली की माती पाणी धरत नाही. ऑगस्ट २०२४ आणि जुलै २०२५ ला नान शहर पुरात बुडालं. पाऊस प्रचंड होता हे खरं, पण उतारावर अडवायला काही नको? आमच्या गेस्टहाऊसच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. हीच नान नदी पुढे पिंगला मिळते आणि चाओ फ्राया होते, म्हणजे बँकॉकची नदी.

अर्धा किलो मीठ आणलंय. पेरू घेऊन रूमवर या, मीठ माझं.