शिक्षा कशासाठी आणि कोठपर्यंत?

सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने खैरलांजी प्रकरणाचा निकाल दिला. 29 सप्टेंबर 2006 रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांना जमावाने ठार मारले होते. सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप झाली. त्या संध्याकाळी आमच्या विहारात पेढे वाटले गेले. मीही एक घेतला. पुढे जुलै 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षांचा कारावास दिला, तेव्हा त्याच विहारात एका तरुणाने मला विचारले, "दादा, बाबासाहेबांच्या घटनेत यांना फाशी का बसत नाही?" मला उत्तर देता आले नाही. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकुनी करणारा. त्या प्रश्नापायी जे वाचले, ते येथे मांडतो.

गुन्हेगाराला शिक्षा का द्यायची, याची जुनी उत्तरे ठरलेली आहेत. एक म्हणजे परतफेड: केले तसे भोगावे. दुसरे म्हणजे जरब, म्हणजे एकाची शिक्षा पाहून दहा जणांनी धडा घ्यावा. तिसरे, त्याला डांबून ठेवले म्हणजे निदान तो पुन्हा करणार नाही. आणि चौथे सुधारणेचे. इटलीच्या बेकारियाने 1764 साली असे मांडले की, जरब बसते ती शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर ती हमखास व लवकर होण्याने. आपल्याकडील खटले वर्षानुवर्षे रेंगाळताना पाहिले की हे म्हणणे पटते.

परंतु आपल्या समाजाला शिक्षेचा आणखी एक सिद्धान्त अनुभवाने ठाऊक आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गुन्हा तोच, पण दंड वर्णाप्रमाणे आहे. ब्राह्मणाला अपशब्द बोलल्यास क्षत्रियाला शंभर पण दंड, आणि शूद्राला मात्र देहदंड! उलट ब्राह्मणाला देहान्ताऐवजी मुंडन पुरते. म्हणून घटनेतील कलम 14 कडे, कायद्यापुढील समानतेकडे, मी प्रथम शिक्षेच्या संदर्भातच पाहतो.

कलम 20 सांगते की, गुन्हा घडला त्या वेळच्या कायद्यात होती त्याहून जबर शिक्षा नंतर देता येणार नाही, आणि एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही. आज निघालेल्या सर्क्युलरवरून गेल्या वर्षीच्या व्यवहारावर दंड बसवला, तर खातेदार काउंटरवर भांडायला येईल. तोच हा न्याय. 2012 च्या दिल्ली अत्याचार प्रकरणातील अल्पवयीन आरोपी तीन वर्षांनी सुटला, तेव्हा देशभर संताप उसळला. 2015 साली कायदा बदलला, पण तो बदल त्याला लागू करता आला नाही. संताप खरा होता, आणि मर्यादाही खरी होती.

कलम 21 नुसार कायद्याने ठरवलेल्या पद्धतीवाचून कोणाचा जीव घेता येत नाही. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी न दिल्यास न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. 1955 मध्ये ती अट गेली. 1973 च्या संहितेने गाडी उलट फिरवली: आता फाशी द्यायची तर विशेष कारणे लिहायची. शिवाय दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकायचे. (साधी वेतनवाढ रोखायची तरी आमच्याकडे आधी खुलासा मागवतात, येथे तर गळ्याचा प्रश्न आहे.) 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही हे दोन्ही नियम कायम आहेत.

1980 साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी घटनाबाह्य नाही असे ठरवले. मात्र ती विरळातील विरळ प्रकरणीच द्यावी, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती पाहावी, असे बंधन घातले. त्यानंतरचा 1983 चा मिठू खटला मला अधिक मोलाचा वाटतो. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केला तर फाशीच, दुसरी शिक्षा नाही, असे दंड संहितेचे कलम 303 होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने ते कलमच रद्द केले. न्यायाधीशाला विचार करायला जागाच न ठेवणारा कायदा कलम 14 व 21 मध्ये बसत नाही, असा त्याचा आशय. तुरुंगातले खून नाना कारणांनी होतात. सर्वांना एकच दोर कसा लावणार?

आता बाबासाहेबांकडे वळतो. 3 जून 1949 रोजी घटना समितीत फाशीच्या कैद्यांना सर्वोच्च न्यायालयात अपील असावे काय, यावर चर्चा चालू होती. त्या वेळी बाबासाहेबांनी, आपण फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूचे आहोत, असे सांगितले. हा देश अहिंसा तत्त्व म्हणून मानतो, सर्वांना पाळता येत नसली तरी, असे त्यांचे म्हणणे होते. धम्मदीक्षेच्या सात वर्षे आधीचे हे भाषण आहे. ते वाचले तेव्हा मला 2008 चा तो पेढा आठवला.

त्या तरुणाला मी हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मी त्याला 1983 च्याच मच्छीसिंग निकालाचेही सांगितले. विरळातील विरळ म्हणजे काय हे ठरवताना त्यात पाच कसोट्या दिल्या आहेत. त्यांपैकी तिसरी अशी की, अनुसूचित जातीच्या माणसाचा खून वैयक्तिक कारणासाठी नव्हे, तर समाजाचा क्षोभ उसळेल अशा परिस्थितीत झाला असेल, तर ते प्रकरण या वर्गात येऊ शकते. तो लगेच म्हणाला, "मग खैरलांजी त्यात का आली नाही?"

कारण दोन्ही न्यायालयांनी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा तेथे लावलाच नाही. जातीचा द्वेष नव्हे, सूडबुद्धी, असे धरले गेले. "म्हणजे दादा, आपले भांडण फाशीचे नव्हतेच," तो म्हणाला.